बाबांच्या वहीतला तिसरा रकाना

एडिसन गावातल्या आमच्या घरात तीन आवाज ठरलेले होते आणि त्यांच्यावरून मला डोळे मिटूनही दिवसाची वेळ सांगता यायची. सकाळी स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा भोंगा, संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या, आणि त्यानंतर आईने फोडणी टाकली की छताला लावलेला धुराचा अलार्म. मोहरी तडतडली रे तडतडली की तो बोंब ठोकायचा. मग खुर्चीवर चढून त्याला वर्तमानपत्राने वारा घालायचा, हे माझं काम. आई खालून म्हणायची, "या देशात मोहरीनेसुद्धा दबकत तडतडायचं गं बाई." त्या शरद ऋतूत घरात चौथा आवाज राहायला आला. बाबांच्या लॅपटॉपला वायरने काहीही जोडलं की तो चढत्या सुरात टुंग-टिंग करायचा आणि जोडलेली वस्तू सुटली की उतरत्या सुरात टिंग-टुंग. अजूनही कुठे बँकेत, दवाखान्यात कुणाच्या लॅपटॉपमधून तो उतरता सूर ऐकू आला की मी हातातलं सोडून आधी तिकडे वळून बघते.

बाबांची नोकरी गेली तेव्हा मी सोळा वर्षांची होते. एका शुक्रवारी ते दुपारीच घरी आले, हातात पुठ्ठ्याचा खोका आणि खोक्यात त्यांचा चहाचा मग. आमचं या देशात राहणं त्यांच्या नोकरीला बांधलेलं होतं. नोकरी गेल्यावर साठ दिवस मिळायचे. तेवढ्यात दुसरी कंपनी मिळाली तर राहायचं, नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळून सांगलीला परत. मी सांगली सोडली तेव्हा सात वर्षांची होते. मला तिथली आठवण म्हणजे शाळेच्या रिक्षातला रेक्झिनचा वास, एवढीच. आई तिकडे शाळेत फिजिक्स शिकवायची. इकडे तिच्या व्हिसावर तिला काम करता यायचं नाही, म्हणून ती सगळं फिजिक्स माझ्यावर आणि स्वयंपाकावर वापरायची. ती घाबरणारी बाई नव्हती. पण एके दिवशी शाळेतून आले तर ती स्टूलवर चढून कपाटावरच्या बॅगांची धूळ पुसत होती. बॅगा खाली काढल्या नव्हत्या, नुसत्या पुसल्या होत्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

चाळीस-पंचेचाळीस दिवस असेच फोनच्या वाटेकडे डोळे लावून गेले आणि मग पेन्सिल्व्हेनियातून एका लहानशा कंपनीचं पत्र आलं. ही कंपनी मश्रूम पिकवणाऱ्यांसाठी यंत्रं बनवायची. मश्रूमच्या अंधाऱ्या खोल्यांमध्ये ओल किती, उष्णता किती, हे मोजून वायफायवरून शेतकऱ्याच्या फोनवर पाठवायचं, असलं काहीतरी. त्यांनी बाबांना बिस्किटाएवढे दोन सर्किट बोर्ड पाठवले. यातल्या चिपसाठी प्रोग्रॅम लिहा, ओल मोजून दाखवा, आणि अमुक शुक्रवारी दुपारी तीन वाजता व्हिडिओ कॉलवर आकडे आमच्या स्क्रीनवर येऊ देत, म्हणजे पुढचं बोलू, असा मामला होता. तो शुक्रवार साठांतला छप्पन्नावा दिवस होता.

बाबांनी ही बातमी जेवताना सांगितली. पिठलं-भाकरी होती. आईने हातातला चमचा खाली ठेवून देवघराकडे बघितलं आणि मी म्हणाले, "मश्रूम? रिअली? आय हॅव टू लीव्ह माय स्कूल फॉर मश्रूम्स?"

"मृणू, मराठीत बोल आणि नीट बोल," आई म्हणाली.

"ओके. आय होप, की तुम्हाला ते मिळत नाही," मी म्हणाले. मराठीत बोलले एवढ्यापुरतं ऐकलं होतं.

बाबा भाकरी मोडता मोडता थांबले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "होप करायला काय लागतंय. कर की." आणि जेवत राहिले. मला त्या वयात एवढंच दिसत होतं, की माझी शाळा, माझा बँड, दोन मैत्रिणी, सगळं जाणार आणि बदल्यात ओल्या खताचा वास मिळणार. न मिळणाऱ्या नोकरीच्या दुसऱ्या टोकाला सांगलीचं विमान उभं आहे, हे कळत होतं. पण कळलेलं सगळं त्या वयात वागण्यात येतंच असं नाही.

बाबांची काम करायची एक रीत होती. शंभरपानी वही घ्यायची, पट्टीने आडव्या पानावर तीन रकाने पाडायचे आणि वर लिहायचं: काय दिसलं, काय केलं, काय कळलं. समासात वेळ. बिघाड कितीही क्षुल्लक असो, धुण्याचं मशीन असो की माझी सायकल, वही उघडल्याशिवाय ते पान्याला हात लावत नसत. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ते म्हणायचे, "दोन बदलल्या की कुठल्या औषधाने ताप उतरला ते कळत नाही." तिसरा रकाना रिकामा ठेवायची मुभा नव्हती. काहीच कळलं नसेल तर 'काहीच कळलं नाही' असं लिहायचं. मला ही रीत भयंकर कंटाळवाणी वाटायची. मी पुढे दातांची डॉक्टर झाले आणि माझ्या असिस्टंटला मी आज अगदी हेच ऐकवते, तीही तशीच डोळे फिरवते.

त्या आठवड्यात सोमवारी पहिला बोर्ड जळला. बाबांनी एक तार चुकीच्या जागी लावली आणि करपल्याचा वास घरभर पसरला. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. त्यांनी वहीत लिहिलं, उठून बाहेर गेले आणि गाडीत जाऊन बसले. गाडी सुरू केली नाही, नुसते बसले. नवा बोर्ड मागवला तर पुढच्या सोमवारी येणार होता. उरलेला एकुलता एक बोर्ड त्यांनी मग पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात स्पंजवर बसवला, वरून रबर लावला, डब्याला भोक पाडून त्यातून वायर काढली आणि घरात फर्मान निघालं, की या बोर्डाला कोणीही हात लावायचा नाही. स्वतः बाबांनीसुद्धा नाही. जे करायचं ते वायरीतून.

बुधवारपर्यंत बोर्ड बोलायला लागला. ओल मोजायचा काटा आधी बाबांनी नवरात्राच्या घटातल्या मातीत खुपसायचं ठरवलं होतं. आई कडाडली, "देवीच्या घटात तारा घालाल तर बघा!" मग तो कोथिंबिरीच्या कुंडीत गेला. कुंडीत पाणी घातलं की लॅपटॉपवरचा आकडा वाढायचा. आई मुद्दाम येता-जाता चमचाभर पाणी घालून बघायची आणि तोंड लपवून हसायची. पन्नासेक दिवसांत ती तेवढीच हसली असेल.

शुक्रवारी खंडेनवमी होती. शाळेला शिक्षकांच्या बैठकीची सुट्टी, म्हणून मी घरी होते. आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. आजोबांकडे सुतारकामाची होती, बाबांकडे सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर, पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर. सकाळी पाटावर लाल कापड घालून बाबांनी ती मांडली, हळदकुंकू वाहिलं, ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेल्या झेंडूचं एकेक फूल ठेवलं. आईने कडाकण्यांचा नैवेद्य दाखवला. बोर्ड मात्र तिकडे टेबलावर त्याच्या डब्यात होता. मी विचारलं, "त्याची नाही करायची?" बाबा म्हणाले, "पूजा हत्याराची. कामाची नसते. काम करायचं असतं." आणि आंघोळ झाली होती तरी पुन्हा बाथरूममध्ये गेले.

मी बॅकपॅक शोधत त्या बाजूला गेले तेव्हा दार अर्धवट उघडं होतं. बाबा आरशासमोर उभे राहून हळू आवाजात म्हणत होते, "गुड आफ्टरनून, डायना. थँक यू फॉर दिस अपॉर्च्युनिटी." मग थोडं थांबून, जरा जास्त हसून, पुन्हा तेच. तीन-चारदा. माझे बाबा, ज्यांना मी कधी कुणासमोर वाकलेलं पाहिलं नव्हतं, ते आरशातल्या एका मश्रूमवालीला आभाराचं हसू दाखवून बघत होते. मला रडू आलं. त्या क्षणी मला ती नोकरी त्यांच्यापेक्षाही जास्त हवी झाली. आणि हे तोंडाने सांगायची सोय मी स्वतःच घालवून बसले होते.

म्हणून मी ते केलं. पळीतल्या पाण्यात बोटं बुडवून एकाने हळद आणि एकाने कुंकू घेतलं, चांगलं ओलं. डबा उघडला, रबर सरकवला आणि बोर्ड उचलला. वर लावलं तर दिसणार आणि मग आई-बाबा चिडवणार, म्हणून उलटा केला. पोटाच्या बाजूला एक बोट त्याच्या माथ्यापाशी, एक बोट खालच्या पिनांपाशी. देवीला मराठीत काय म्हणायचं ते आठवेना, तेव्हा म्हणाले, "प्लीज." मग सगळं होतं तसं ठेवून डबा घट्ट लावला.

दहा वाजता बाबांनी वायर जोडली. टुंग-टिंग झालं आणि पुढे काहीच नाही. बोर्डावरचा निळा दिवा लागलाच नाही. बाबांनी वायर काढून पुन्हा लावली. यावेळी दिवा लागला, वायफाय सापडलं, दोन आकडे आले आणि सगळं बंद पडलं. पुन्हा लावली, पुन्हा मुका. त्यांनी घड्याळ बघितलं आणि वही ओढली.

त्यानंतरचे चार तास मी कधीही विसरणार नाही. त्यांनी वायर लॅपटॉपच्या दुसऱ्या खाचेत लावली. वायफायचा डबा बंद करून चालू केला. लॅपटॉप खिडकीजवळ नेला. फोनचं इंटरनेट जोडून पाहिलं. कालचा प्रोग्रॅम पुन्हा चढवला, मग परवाचा. प्रत्येक वेळी वहीत एक ओळ, प्रत्येक ओळीच्या शेवटी 'काहीच कळलं नाही'. कधी बोर्ड सुरूच व्हायचा नाही, कधी सुरू होऊन वायफाय सोडून द्यायचा. एका दुखण्याचा माग काढावा तर दुसरं आडवं यायचं. आईने माझ्यासाठी भात गरम करायला मायक्रोवेव्ह लावला, तेवढ्यात पुन्हा टिंग-टुंग झालं आणि बाबा ओरडले, "बंद कर ते! वायफायमध्ये अडथळा येतो त्याचा!"

"तुमच्या वायफायला माझा भात आडवा आला होय?" आई म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा निघाला नाही. तिने मायक्रोवेव्हचा प्लगच काढून टाकला. भात कुणीच खाल्ला नाही.

पावणेदोनला बाबा खुर्चीत मागे टेकले. कपाळाला हात लावून आईला म्हणाले, "एक पिन ग्राउंडला चिकटल्यासारखी वागतीय. सुरू होताना ती चिकटलेली असली की चिपला वाटतं, नवा प्रोग्रॅम येणार, आणि ती वाट बघत बसते. पण वर तर सगळं स्वच्छ आहे. भिंग लावून बघितलं."

"ओल गेली असेल आत," आईमधली शिक्षिका बोलली. "मिठाच्या पाण्यातून वीज जाते, तसं. डबा तर घट्ट बंद आहे तुमचा, ओल असली तर वाळणार कशी?"

मी सोफ्यावर बसले होते. माझी नजर आपोआप माझ्या बोटांवर गेली. नखात कुंकू होतं.

मी हात हूडीच्या खिशात घातला. मग बाथरूममध्ये जाऊन साबणाने नख घासलं, ब्रशने घासलं, ते फिकट झालं पण गेलं नाही. सांगितलं तर काय होणार, ते मला लख्ख दिसत होतं. 'मिळू नये' असं जेवणाच्या टेबलावर मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं. हात लावू नका म्हटलेल्या बोर्डाला हात मी लावला होता. आणि आता म्हणणार, की प्रेमाने केलं? मी त्यांच्या जागी असते तर माझा माझ्यावर विश्वास बसला नसता. नाही सांगितलं तर तीन वाजतील, आणि बाबा जन्मभर समजतील की आपलाच हात चुकला.

बाहेर येऊन मी आधी भित्रेपणाच केला. म्हणाले, "बाबा, मेबी खालून चेक करा ना."

"खाली काय असणार आहे? एक जाळला तेवढा पुरे. हात लावायचा नाही त्याला."

"मी लावला," मी म्हणाले. "सकाळी. मी त्याला हळदकुंकू लावलं. खालच्या साइडला. ओलं."

आईच पहिली बोलली. "मृणू, मुद्दाम केलंस?"

तिचं चुकलं नाही, हे मला आज कळतं. पण तो प्रश्न मला अजून दुखतो. मी नाही म्हणून मान हलवली. मी बाबांकडे बघत राहिले, की ते तरी काही म्हणतील. बाबांनी मला एकच विचारलं.

"किती ओलं होतं?"

"बोट ओलं होतं. पळीतलं पाणी."

ते उठले. हातातली स्थिर वीज जावी म्हणून खिडकीखालच्या लोखंडी हीटरला हात लावला, डबा उघडला, बोर्ड उचलून उलटा केला. पिवळा ठिपका माथ्यावर, जिथून त्याचे वायफायचे सिग्नल ये-जा करतात नेमका तिथे. लाल ठिपका पिनांच्या मध्ये पसरलेला, अजून ओलसर. बाबा त्या लाल ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिले. बराच म्हणजे किती, दहा सेकंद असतील. मग त्या घाईतही त्यांनी आधी वही ओढली, माझ्याकडे पाठ करून काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. माझा गुन्हा नोंदवून ठेवला, असं मला वाटलं. एवढी कसली शिस्त, की मुलगी समोर रडतेय आणि माणूस रकाना भरतोय! मला त्यांचा संताप आला.

आईने औषधांच्या कपाटातून जखमा पुसायचं स्पिरिट आणलं, मी जुना टूथब्रश. बाबांनी पिना एकेक करून घासल्या. आईने केस वाळवायचं मशीन थंड हवेवर लावून धरलं. दोन चाळीसला बाबांनी वायर जोडली. टुंग-टिंग. निळा दिवा लागला. एक आकडा आला, दुसरा आला, आणि मग ते येतच राहिले. आईने पदर नव्हता तरी पदर शोधून शेवटी ओढणीने डोळे पुसले. बाबा उठले, शर्ट बदलून आले आणि आरशात न बघता लॅपटॉपसमोर बसले.

डायना पांढऱ्या केसांची, मोठ्या आवाजाची बाई निघाली. कुंडीत पाणी घातल्यावर तिच्याकडचा आकडा वर गेला तेव्हा तिने टाळी वाजवली. मग विचारलं, काही त्रास झाला का.

"येस," बाबा म्हणाले. "मॉइश्चर. अंडर द बोर्ड."

ती हसत सुटली. मश्रूमच्या खोलीत ओलीशिवाय दुसरा शत्रूच नसतो, म्हणाली, आणि इतक्या लवकर तो सापडला कसा?

"माय डॉटर फाउंड इट," बाबा म्हणाले.

मी दाराआड उभी होते. मला ते टोमण्यासारखं लागलं. तोंडदेखलं, परक्यांसमोर झाकून घेतल्यासारखं. नोकरी मिळाली. महिन्याभरात आम्ही पेन्सिल्व्हेनियाला गेलो, वाटभर मी रडले. नव्या शाळेच्या बसला खरंच खताचा वास यायचा आणि सहा महिन्यांनी तो यायचा बंद झाला. त्या दिवसाविषयी बाबा कधी बोलले नाहीत. आईने एकदा विषय काढला तर म्हणाले, "झालं ते, बोर्ड चालला ना?" आणि पेपर उघडला. त्यांना मी खोटी वाटले की खरी, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पुढे लग्न झालं, माझीच पोरं माझ्याशी उलट बोलायला लागली, तरी झालं नाही.

बाबा गेल्यावर त्यांच्या वह्या माझ्याकडे आल्या. एकोणीस निघाल्या. त्यात धुण्याची मशीनं होती, सायकल होती, सोमवारचा जळका बोर्ड होता, आणि तो शुक्रवार. पानभर 'काहीच कळलं नाही'. खाली शेवटच्या दोन ओळी. त्यातली खालची आधी वाचली: दोन चाळीस, दिवा लागला, आकडे येतात, दोष ओलीचा. तिच्या वरची ओळ समासात दोन वाजून दहा मिनिटांची होती. म्हणजे ब्रश हातात घेण्याआधीची. बोर्ड चालेल की नाही, आम्ही इथे राहू की नाही, यातलं काहीच ठाऊक नव्हतं तेव्हाची.

काय दिसलं: बोर्डाखाली हळदकुंकू.

काय केलं: हा रकाना रिकामा होता, घाई असणार.

काय कळलं: मृणूलाही हवं आहे.